मूल बोलत नाही म्हणून बेरा टेस्ट सांगितलीय? तारखेच्या आधी हे वाचून जा

मूल दोन वर्षांचं झालं, बोलत नाही, कारण कुणाला सापडत नाही आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर बेरा लिहून दिलंय, आणि आता तुम्ही रात्री सगळे झोपल्यावर मोबाईलवर बेरा, म्हणजे कानापासून मेंदूच्या खोडापर्यंत आवाज पोचतो का बघणारी ही टेस्ट, काय असते ते शोधत बसलाय, हे मला चांगलं माहितीय कारण गोव्यात साखळी गावच्या घरात मीपण अशीच बसले होते. माझी मुलगी आता सहा वर्षांची आहे. मी डॉक्टर नाही. पण त्या दिवसांत ऑडिओलॉजिस्ट (ऐकण्याच्या टेस्ट करणारे), ईएनटी (कान-नाक-घशाचे डॉक्टर), स्पीच थेरपिस्ट, ज्यांना ज्यांना विचारता येईल त्यांना विचारलं, आणि नंतर डिचोली, सत्तरी, पेडण्याच्या बऱ्याच आयांच्या सोबतीला टेस्टच्या खोलीबाहेर बसले. त्यातून जे कळलं ते लिहितेय.

सगळ्यात आधी एक गोष्ट, बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल. कानाची एकच टेस्ट करून 'ऐकू येतं' किंवा 'ऐकू येत नाही' असं ठरवू नका. प्रत्येक टेस्ट रस्त्याचा एकेक तुकडा तपासते. आवाज कानाच्या भोकातून पडद्यावर, तिथून कॉक्लियात (आतल्या कानातला गोगलगायीच्या शंखासारखा भाग), मग नसेतून मेंदूच्या खोडात आणि शेवटी वरच्या मेंदूत जातो, आणि शब्द 'कळतो' तो तिथे वर. मधे कुठेही अडलं तरी मुलाचं बोलणं अडू शकतं, आणि बाहेरून बघणाऱ्याला सगळं सारखंच दिसतं.

आमचं काय झालं सांगते. बाळ साडेसात महिन्यांत झालं, कावीळ इतकी चढली की रक्त बदलावं लागलं, एकोणीस दिवस एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत. सुटताना ओएई नावाची कानाची टेस्ट केली आणि कागदावर 'पास' आलं. तो कागद आम्ही दोन वर्षं जपला, कुणी म्हणालं की हिला ऐकू येत नाही की काय, की लगेच तो पुढे करायचा. ओएई वाईट टेस्ट नाही, दोन मिनिटांत होते, कानात छोटं बूच घालून आवाज सोडतात आणि कॉक्लियातल्या बाहेरच्या केसपेशी त्याला परत जो बारीकसा आवाज देतात तो माइकने पकडतात. डेव्हिड केम्प यांनी 1978 मध्ये हा आवाज पहिल्यांदा दाखवला. पण ती टेस्ट तिथेच संपते, कॉक्लियाच्या पुढे नसेत काय चाललंय ते ओएईला दिसतच नाही. आणि जास्तीची कावीळ, अपुरे दिवस, यांच्यात बिघडतं ते बऱ्याचदा नेमकं पुढेच. म्हणूनच पाच दिवसांपेक्षा जास्त एनआयसीयूत राहिलेल्या बाळाचं स्क्रीनिंग नुसत्या ओएईवर सोडू नका, एबीआरने करा, असं अमेरिकेतल्या जॉइंट कमिटी ऑन इन्फंट हिअरिंगने 2007 सालीच सांगून ठेवलंय. एबीआर आणि बेरा एकच, नावं दोन. तुमचं बाळ पेटीत राहिलेलं असेल, रक्त बदललं असेल, मेंदूज्वर झाला असेल, घरात लहानपणापासून ऐकू न येणारं कुणी असेल, तर हे डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका, खुर्चीवर बसल्या बसल्या सांगा आणि डिस्चार्ज कार्ड समोर ठेवा.

आता तारीख मिळेपर्यंत घरी काय करायचं. वही घ्या. कुठल्या आवाजाला वळलं, आवाज कुठून आला, तेव्हा काही दिसत होतं का, जमीन हलली का, एवढं लिहा. हे का म्हणते ते ऐका. चवथीला आमच्याकडे आरतीत घुमट, म्हणजे मातीचं ढोलकीसारखं वाद्य, वाजतं, माझी मुलगी घुमटाला बरोबर वळायची, पोटावर हात ठेवून डोलायची, आणि सासूबाई म्हणायच्या बघ कसं ऐकतंय पोर. घुमटाचा आवाज जाड, अंगात शिरणारा, छातीत जाणवतो, तो कानाने ऐकलाच पाहिजे असं नाही. दार आपटणं, मिक्सर, थाळी आपटणं यांचं पण थोडंफार तसंच. शब्द कळायला लागतात ते बारीक आवाज, स, श, फ, थ. ते ऐकू आले नाहीत तर 'साखर' आणि 'भाकर' यांच्यातला फरक कुठून कळणार?

आणि मागून टाळी वाजवून बघणं, ते तर सगळेच करतात. सासूबाईंनी टाळी वाजवली, पोर वळली, सगळे खूश. मी दुसऱ्या दिवशी तीच टाळी परत वाजवून बघितली. दुपारची वेळ, दारातून ऊन आत आलेलं, आणि टाळीसाठी हात वर केला की माझी सावली तिच्या पुढ्यातल्या खेळण्यांवर पडायची. ती सावलीला वळत होती. मग दार लोटून घेतलं, तिच्या मागे हातभर अंतरावर बसले आणि हळू आवाजात नुसतं 'स्स स्स स्स' केलं, मग 'बाय, हांगा यो' (बाळा, इकडे ये) म्हटलं. काहीच नाही. तिसऱ्यांदाही नाही. तेव्हा पोटात गोळा आला माझ्या, पण डॉक्टरांना सांगायला पहिल्यांदा काहीतरी ठोस मिळालं. असे दोन-तीन व्हिडिओ मोबाईलवर काढून ठेवा, खोलीत दहा मिनिटांत मूल जे दाखवणार नाही ते व्हिडिओत दिसतं.

'थांबा, बोलेल' म्हणणाऱ्यांसाठी हिशोब सोपा आहे. वर्षाचं झालं तरी बा-बा-दा-दा अशी बडबड नाही, सोळा महिन्यांत एकही शब्द नाही, दोन वर्षांत स्वतःहून दोन शब्द जोडत नाही, किंवा आलेले शब्द कुठल्याही वयात गेले, तर थांबायचं नाही. बाबा उशिरा बोलला म्हणून, मुलगे उशिराच बोलतात म्हणून, जीभ चिकटलीय म्हणून, यातलं एकही कारण टेस्ट टाळायला पुरेसं नाही. आणि गोव्यात हे फार ऐकते मी की घरात कोंकणी, टीव्हीवर हिंदी, शाळेत इंग्लिश आणि आजोबा मराठी बोलतात म्हणून पोर गोंधळलंय. अनेक भाषांमुळे मूल मुकं राहत नाही. आपण सगळे असेच वाढलो.

टेस्टचा क्रम. आधी ईएनटीकडून कान बघून घ्या, मळ असेल तर काढून. मग टिम्पॅनोमेट्री, कानात हवेचा दाब बदलून पडदा हलतो का ते बघतात, रिपोर्टवर 'बी टाइप' असं आलं तर बहुतेक वेळा पडद्यामागे पाणी असतं. आपल्या पावसाळ्यात नाक वाहणाऱ्या पोरांमध्ये हे खूप असतं, त्याने बेराचा रिपोर्ट बिघडतो, म्हणून सर्दी जोरात असेल तर फोन करून पुढची तारीख घेतलेली बरी. त्यानंतर ओएई आणि मग बेरा. जमेल तिथे त्याच बसणीत टोन बर्स्ट किंवा एएसएसआर या टेस्ट पण करून घ्या, का ते पुढे येतं. बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) ईएनटी ओपीडीत दाखवा किंवा खासगीत जा, पण निघायच्या आधी फोनवर दोनच गोष्टी विचारा: मशीन चालू आहे ना, आणि झोपेचं औषध द्यायची वेळ आली तर तिथे डॉक्टर हजर असतात ना.

बेरात होतं काय, हे एकदा कळलं की भीती निम्मी होते. शॉक नाही, सुई नाही. कपाळावर आणि कानांमागे छोटे इलेक्ट्रोड चिकटवतात, कानात इअरफोन घालतात आणि टक टक टक असा आवाज सोडतात, सेकंदाला वीस-तीस वेळा. प्रत्येक टकेला नस आणि मेंदूचं खोड इवलीशी वीज सोडतं, मायक्रोव्होल्टपेक्षाही कमी, आणि मेंदूची बाकीची वीज तिच्या कितीतरी पट मोठी. लईराई देवीच्या जत्रेत गर्दीच्या गलक्यात एकजण हळू आवाजात तेच तेच नाव घेतोय असं समजा. एकदा ऐकून नाही कळणार. पण हजार-दोन हजार वेळा रेकॉर्ड करून एकावर एक ठेवलं तर गलका एकमेकांत विरून जातो आणि ते नाव तेवढं उरतं. कॉम्प्युटर हेच करतो. आवाजानंतर दहा मिलिसेकंदांच्या आत पाच ते सात लाटा दिसतात, ज्युवेट आणि विलिस्टन यांनी 1971 मध्ये त्यांना रोमन आकडे दिले, ते आजही तसेच. पहिली लाट नसेची, तिसरी खोडात शिरल्यावरची, पाचवी आणखी वरची. पाचवी सगळ्यात टिकाऊ असते, आवाज कमी कमी करत नेला तरी ती शेवटपर्यंत दिसते, म्हणून सगळे वेव्ह फाइव्ह, वेव्ह फाइव्ह करत असतात.

आणि म्हणूनच मूल गाढ झोपलेलं लागतं. मान हलली, दात खाल्ले, चोखणी चोखली की स्नायूंची वीज त्या लाटांना गिळून टाकते. आमची पहिली तारीख यातच फुकट गेली. सकाळी निघालो, आमोण्याच्या पुलापर्यंत गाणी म्हणत जागं ठेवलं, माशेलला बिस्किट हातात दिलं, आणि बाणस्तारी यायच्या आत माझ्या मांडीवर तिचा डोळा लागला. वीस मिनिटंच. पण पोचल्यावर ती टवटवीत, आणि त्या अंधाऱ्या खोलीत दोन तास मी थोपटतेय, इलेक्ट्रोड लावला की ती ओढून काढतेय, शेवटी रडून रडून तिचे डोळे सुजले आणि माझेही, आणि रिकाम्या हाताने परत.

दुसऱ्या वेळी केलं ते असं, आणि आता प्रत्येक आईला मी हेच सांगते. आदल्या रात्री नेहमीपेक्षा दोन तास उशिरा झोपवायचं, पहाटे चार-साडेचारला उठवायचं. गाडीत दोन मोठी माणसं हवीतच, एक चालवायला आणि एक फक्त जागं ठेवायला, खिडकी उघडी, ओल्या रुमालाने तोंड पुसत राहायचं, पाच मिनिटं पण डोळा लागू द्यायचा नाही. कदंब बसने येत असाल तर उभ्याने या म्हणत नाही पण खिडकीची थंड झुळूक लागली की पोर झोपतंच, त्यापेक्षा जवळ कुणी नातेवाईक असेल तर आदल्या रात्री तिकडे मुक्काम करा. डोक्याला तेल लावू नका, अगदी टाळूलाही नाही, तेलावर इलेक्ट्रोड नीट बसत नाही आणि मग घासून घासून साफ करताना झोप मोडते. कपाळावर गंध, पावडर काही नको. रोजची गोधडी घ्या, रोजची बाटली घ्या, एसीची खोली थंड असते. इलेक्ट्रोड आधी लावून घ्या, मग खोलीत दूध द्या, मग झोपवा. मोबाईल नुसता सायलेंट नाही, बंद करा, त्याने रेकॉर्डिंगमध्ये खरखर येते. आमची दहा मिनिटांत झोपली आणि सव्वा तास हलली नाही.

एवढं करूनही झोपलं नाही तर झोपेचं औषध देतात, ट्रायक्लोफॉस वगैरे. इथे माझं ऐका, हे सिरप दुकानातून आणून घरी पाजून निघायचं नाही, कुणी सांगितलं तरी नाही. वजनावरून डोस असतो, झोपल्यावर श्वासावर कुणाचं तरी लक्ष लागतं. मूल घोरत असेल, फिट आलेली असेल, ताप-खोकला असेल तर आधी सांगा. औषध देणार असतील तर दूध कधी बंद करायचं ते त्यांनाच विचारा, वरचा दुधाचा सल्ला मग लागू होत नाही. आणि परतीला स्कूटर नको, मूल बराच वेळ पेंगतं, गाडीत मान छातीवर पडणार नाही असं धरा.

रिपोर्ट हातात आला की घाबरून शेवटची ओळ वाचू नका. आधी बघा दोन्ही कान वेगवेगळे तपासलेत का. मग वेव्ह फाइव्ह किती डेसिबलपर्यंत दिसली. वीस-तीस डीबी एनएचएलपर्यंत (रिपोर्टवर डेसिबल असे लिहितात) स्पष्ट दिसत असेल तर त्या पट्ट्यातलं ऐकणं साधारण ठीक समजतात. त्या पट्ट्यातलं असं मुद्दाम म्हणतेय, कारण क्लिकने, म्हणजे त्या टक टक आवाजाने, केलेली बेरा मुख्यतः 2000 ते 4000 हर्ट्झचं सांगते. खालच्या सुरांचं कमी ऐकू येत असेल तर ते क्लिकमध्ये निसटू शकतं, त्यासाठीच टोन बर्स्ट किंवा एएसएसआर, ज्यात 500, 1000, 2000, 4000 असं वेगवेगळं मिळतं आणि कानाचं मशीन (हिअरिंग एड) लावायचं तर तेच आकडे कामाला येतात. लहान बाळात लाटा उशिराच येतात, दीड-दोन वर्षांपर्यंत त्या मोठ्यांसारख्या होत जातात, तेव्हा तुलना वयाच्या नॉर्मशी केलीय ना ते विचारा. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची तर काही महिन्यांनी परत करावीच, काहींची बेरा वयाबरोबर सुधारते.

'90 डीबीला पण वेव्ह दिसली नाही' असं आलं तर? आम्हाला हेच आलं. त्याचा अर्थ लगेच ठार बहिरी असा होत नाही. इथे एक प्रश्न विचारायचाच: कॉक्लिअर मायक्रोफोनिक, म्हणजे कॉक्लियाची स्वतःची वीज, बघितली का, आवाजाची पोलॅरिटी (दाबाची दिशा) उलटसुलट करून? रेअरफॅक्शन आणि कंडेन्सेशन असे उलट दिशांचे दोन्ही क्लिक वेगवेगळे देतात, आणि ग्राफच्या सुरुवातीची रेघ पोलॅरिटीबरोबर उलटी झाली तर ती कॉक्लियाची, नसेची नाही. माझ्या मुलीची रेघ अशी आरशासारखी उलटी झाली. ऑडिओलॉजिस्टने दोन्ही ग्राफ एकावर एक ठेवून बोटाने दाखवलं, इथपर्यंत आवाज पोचतोय, इथून पुढे विस्कटतोय. ओएई पास, बेरा सपाट. याला ऑडिटरी न्यूरोपॅथी स्पेक्ट्रम डिसऑर्डर म्हणतात, एएनएसडी. आवाज आत येतो पण नसेतले सिग्नल एका वेळी, एका ठेक्यात जात नाहीत, म्हणून मूल कधी वळतं कधी नाही, आणि लोक म्हणतात नखरे करतंय, हट्टी आहे, आम्हाला तर एका ठिकाणी बेराच्या आधीच ऑटिझम असं सांगून मोकळे झाले होते. एएनएसडीमध्ये बेरावरून किती डेसिबल ऐकू येतं ते ठरवताच येत नाही, नुसत्या त्या आकड्यावर हिअरिंग एड लावायला कुणी निघालं तर थांबवा. मूल आवाजाला वळल्यावर लाइट लागून खेळणं दिसतं अशी टेस्ट असते, व्हीआरए, साधारण सहा महिन्यांपासून अडीच वर्षांपर्यंत चालते, ती परत परत करावी लागते. नस नीट आहे का ते बघायला एमआरआय पण लागतो, कधीकधी नसच बारीक असते आणि रिपोर्ट एएनएसडीसारखा दिसतो. आमच्या मुलीची नस नीट होती. मशीनचा महिनोन्महिने ट्रायल झाला, पुरलं नाही, मग कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कॉक्लियात बसवायचं यंत्र. त्यासाठी केंद्र सरकारची एडिप योजना आहे, मुंबईत बांद्र्याची अली यावर जंग संस्था ते काम बघते, वयाची अट आहे म्हणून वेळ घालवू नका.

आता उलट बाजू, बेरा नॉर्मल आली. चांगलंच आहे, पण बऱ्याच घरांत इथे सगळं थांबतं, 'कान ठीक आहे' म्हणून परत वर्षभर वाट बघत बसतात. बेरा खोडापर्यंतचंच सांगते, शब्दाचा अर्थ लागतो की नाही ते ती सांगू शकत नाही, झोपलेल्या पोराची टेस्ट आहे ती. नॉर्मल बेरा असूनही बोलत नसेल तर डेव्हलपमेंटल पेडिएट्रिशियन (मुलांचा विकास बघणारे डॉक्टर) आणि स्पीच थेरपिस्ट, त्याच महिन्यात. ऑटिझम असू शकतो, फक्त भाषेचीच अडचण असू शकते, तोंडाच्या हालचाली जुळवायची असू शकते.

वरच्या मेंदूच्या पण टेस्ट आहेत. एलएलआर नावाची आहे, यात मूल जागं लागतं, आवाज बंद केलेलं कार्टून लावून शांत बसवतात, कारण झोपेत या लाटा बदलतात. त्यातली पी वन नावाची लाट तान्ह्यात आवाजानंतर साधारण 300 मिलिसेकंदांनी येते आणि वयाबरोबर लवकर लवकर येत जाते, म्हणून मशीन किंवा इम्प्लांट लावल्यावर वरचा मेंदू आवाज घ्यायला शिकतोय का ते बघायला ती उपयोगी पडते. आमची केली होती. पी 300 नावाची दुसरी टेस्ट मोठ्या मुलांसाठी, त्यात वेगळा आवाज मोजायला सांगतात, दोन वर्षांच्या पोराला कोण सांगणार. मिसमॅच निगेटिव्हिटी म्हणून एक आहे, बा बा बा मध्ये एकदम दा आला तर मेंदूला फरक जाणवतो का ते बघतात, संशोधनात चांगली पण एकट्या मुलाचं निदान तिच्यावर करता येत नाही. आणि 'ब्रेन मॅपिंग करून स्पीच डिलेचं कारण सांगतो' असं म्हणून कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका, ते पैसे थेरपीला ठेवा.

ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेची नोंद, मात्र एका ठिकाणी अगदी गरजेची. मूल आधी नीट बोलत होतं, समजत होतं, आणि मग शब्द गेले, हाक मारली तरी बहिऱ्यासारखं बघतं, बेरा नॉर्मल, तर झोपेतली ईईजी करा आणि न्यूरोलॉजिस्टला दाखवा. लांडाऊ-क्लेफनर सिंड्रोम नावाचा दुर्मिळ आजार आहे, 1957 मध्ये पहिल्यांदा नोंदलेला, साधारण तीन ते सात वर्षांच्या मुलांत होतो, बाहेरून फिट दिसतीलच असं नाही पण झोपेत मेंदूत सतत ठिणग्या उडत असतात. त्याला औषध आहे.

टेस्टच्या तारखेला वेळ असेल तर थेरपी थांबवून ठेवू नका, निदान नंतर कळलं तरी चालतं. हाताने, तोंडाने, चित्राने, जसं जमेल तसं बोलत राहा, मुलाच्या तोंडासमोर खाली बसून, टीव्ही बंद करून.

आणि प्रत्येक टेस्टचा ग्राफ मागून घ्या, नुसती निष्कर्षाची ओळ नाही, दुसरा डॉक्टर ग्राफच बघतो. ओएई आणि टिम्पॅनोमेट्रीचे कागद कधीकधी दुकानातल्या बिलासारख्या थर्मल पट्टीवर निघतात, ते काही महिन्यांत पुसट होतात, आमचा तो 'पास'चा कागद आता अगदी कोरा झालाय, तेव्हा त्याच दिवशी बाहेर येऊन झेरॉक्स मारा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा.